एका डोंगराच्या दोन उंच्या

गेल्या जानेवारीत नरनाळ्याचा प्लॅन करताना मी एकाच संध्याकाळी एकाच डोंगराबद्दल दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या. मित्रांच्या ग्रुपवर लिहिलं, ‘मॉडरेट आहे, कुणालाही जमेल.’ आणि जेवताना बाबांनी “मी येऊ का?” असं विचारलं तेव्हा म्हणालो, “लई अवघड हाय तो, बाबा. तुमाले नाई जमणार.”

बाबा “बरं” म्हणाले आणि भाकर मोडायला लागले. विषय संपला. मला हायसं वाटलं, हे आधीच कबूल करून टाकतो.

आम्ही सहा जण होतो. सगळे तिशीच्या आतले, पुण्या-बंगलोरला नोकरी करणारे आणि सणाला घरी आलेले. बाबा बासष्टचे. डावा गुडघा कुरकुरतो, शुगरची गोळी चालू आहे, पण रोज सकाळी चार-पाच किलोमीटर चालतात. म्हणजे त्यांना जमलं असतं की नसतं, हे मला खरंच माहीत नव्हतं. ‘नाही जमणार’ हे मात्र मी अगदी ठामपणे सांगितलं.

प्लॅन मी शीटमध्ये केला होता, सवयच ती. पहाटे पाचला अकोला सोडायचं, अकोटला चहा, पुढे शहानूरला वनखात्याची परवानगी आणि गाईड. मेळघाटचं जंगल आहे, मनाला येईल तेव्हा आत-बाहेर करता येत नाही. मग चढाई, महाकाली दरवाजा, नऊगजी तोफ, शक्कर तलाव, डबा आणि अंधाराच्या आत खाली. प्रत्येक टप्प्यासमोर वेळ लिहिलेली. चढाईला दोन तास.

हे दोन तास मी नेस्मिथच्या नियमाने काढले होते. विल्यम नेस्मिथ हा स्कॉटलंडचा गिर्यारोहक. त्याने १८९२ साली एक साधा हिशोब मांडला: दर तीन मैलांना एक तास आणि चढाच्या दर दोन हजार फुटांना आणखी एक तास. जगभरचे भटके आजही यावरूनच अंदाज बांधतात. पण या सूत्रात एक माणूस लपलेला आहे. तो धडधाकट आहे, त्याला चालायची सवय आहे आणि तो वाटेत बसत नाही. सूत्र वापरताना तो दिसत नाही, आकडा तेवढा दिसतो. ‘मॉडरेट’ या शब्दाचंही तसंच आहे. तो डोंगराचा गुण वाटतो, पण खरं तर ते एका विशिष्ट शरीराचं मत असतं. बहुतेक वेळा प्लॅन करणाऱ्याच्या शरीराचं.

त्यात आम्ही वऱ्हाडातले. आमच्याकडे उंच म्हणजे पाण्याची टाकी. पुण्यात कुणी कळसूबाईचा विषय काढला की हमखास विचारतात, “तुमच्या अकोल्यालाच आहे ना?” ते नगरकडचं अकोले, आमचं अकोला, हे सांगून सांगून मी थकलो. राज्यातलं सर्वात उंच शिखर, १६४६ मीटर, आमच्या नावावर खपून जातं आणि आम्ही मात्र सपाट काळ्या मातीवर. उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ दिसते तेवढीच. म्हणून नरनाळ्याचं अप्रूप. साधारण तीन हजार फुटांवरचा गड, पण अकोटच्या माणसाला तो हिमालयाइतका आपला वाटतो.

खोटं का बोललो, यावर मी नंतर बराच विचार केला. पहिलं उत्तर सोयीचं होतं: काळजीपोटी. गुडघ्याचं काही झालं तर जंगलात काय करणार? यावर जॉन स्टुअर्ट मिलचं एक उदाहरण आहे, १८५९ च्या ‘ऑन लिबर्टी’मधलं. एक माणूस मोडकळीला आलेल्या पुलावर पाऊल टाकतोय आणि त्याला सांगायला वेळच नाही, तर त्याला धरून मागे ओढलं तरी चालेल, कारण नदीत पडायची त्याची इच्छा नसणार. पण पूल पडेलच अशी खात्री नसेल, नुसता धोका असेल, तर त्याला धोका सांगावा आणि जायचं की नाही हे त्याच्यावर सोडावं. माझ्या बाबतीत पूल पडत नव्हता आणि वेळ तर भरपूर होता, अख्खा आठवडा. मी धोका सांगितला नाही. मी पूलच नाही असं सांगितलं.

दुसरं उत्तर जास्त खरं आहे. बाबा आले असते तर तो दिवस वेगळा झाला असता. गाडीतली गाणी, शिव्या, कुणाच्या ब्रेकअपची चर्चा, सगळं बदललं असतं. आणि असं वाटणं काही गुन्हा नाही. मित्रांबरोबर एक दिवस हवा असण्याचा मला हक्क होता. “बाबा, आमी दोस्त दोस्त चाललो, आपण मंग जाऊ,” हे वाक्य तयार होतं आणि खरं होतं. पण ते बोललो असतो तर नकार माझा ठरला असता. म्हणून मी तो त्यांच्या गुडघ्यावर टाकला. नको मला होतं आणि जमत नव्हतं त्यांना, अशी ती मांडणी. ऑफिसात आम्ही हेच करतो. एखादं काम करायचं नसलं की त्याचं एस्टिमेट तीन आठवड्यांचं देतो, करायचं असलं की तीन दिवसांचं. आकडा खोटा आहे हे कुणी सिद्ध करू शकत नाही, हीच अंदाजाची मोठी सोय.

आणि गंमत म्हणजे, मित्रांना सांगितलेलंही खोटंच निघालं. आमच्यातला एक जण दोन वर्षांत खुर्चीवरून उठला नव्हता. ‘कुणालाही जमेल’ वाचून तो आला. अर्ध्या चढावर त्याच्या पोटऱ्या आखडल्या, पण तो बोलेना. कुणालाही जमणारी गोष्ट आपल्याला जमत नाही हे कोण सांगणार? सागाची वाळलेली पानं पायाखाली कडकड वाजत होती आणि तो बुटाची लेस बांधायच्या निमित्ताने दर दहा मिनिटांनी खाली बसत होता. मी गाईडला विचारलं, “अजून किती वेळ?” तो आमच्याकडे एकदा बघून म्हणाला, “आता ते कसं सांगू भाऊ, तुमी कसे चालता त्यावर हाय.” नेस्मिथपेक्षा हे अचूक होतं.

महाकाली दरवाजाशी पोचलो तेव्हा शीट कधीच कोलमडलं होतं. १४८७ सालचा तो दरवाजा, त्याच्यावरचं कोरीव काम, अक्षरं. बघत बसावं असं सगळं. मी घड्याळ बघत होतो. तोफ राहिली. तलावही राहिला.

याच डोंगररांगेत, १८०३ च्या डिसेंबरात, इंग्रजांनी गाविलगड घेतला. आपल्या अडगावच्या लढाईनंतर अवघ्या दोन आठवड्यांनी. स्टीव्हन्सनच्या तुकडीने रस्ते फोडत अवजड तोफा डोंगरातून गडाच्या उत्तर बाजूला ओढून नेल्या. गड घेतल्याचं श्रेय इतिहासात वेलस्लीच्या नावावर आहे. तोफा ओढणाऱ्यांना तो चढ ‘मॉडरेट’ होता का, हे कुणी विचारल्याचं माझ्या वाचनात नाही. सहा जणांच्या सहलीला ही तुलना जरा जास्तच आहे, मान्य. पण नकाशा एकाच्या हातात आणि पाय दुसऱ्याचे, हा घोळ जुनाच.

रात्री घरी आलो. बाबांनी विचारलं, “शक्कर तलावात पाणी हाय काय?”

मी म्हणालो, तिथवर गेलोच नाही. मग लक्षात आलं की हा प्रश्न तलाव बघितलेला माणूसच विचारतो. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते, अकोट तालुक्यातच. पोरांच्या सहली घेऊन ते नरनाळ्यावर पाच-सहा वेळा गेले होते. मला हे माहीत असायला हवं होतं. मी विचारलं, चाळीस पोरं कशी नेत होते? “सगळ्यात हळू चालणारं पोरगं समोर ठेवायचं,” ते म्हणाले. “त्याच्या म्होरं कोणी जायचं नाई. मंग कोणी मागं राहत नाई.” एवढं सांगून टीव्हीकडे वळले. ‘अवघड हाय’ ऐकून ते नुसतं ‘बरं’ का म्हणाले होते, ते मी विचारलं नाही.

या हिवाळ्यात परत जायचं ठरतंय. या वेळी बाबांना विशेषणं सांगितली नाहीत. चढ कुठे उभा आहे, सावली कुठे संपते, पाणी कुठे मिळत नाही, मागच्या वेळी आम्हाला खरे किती तास लागले आणि खाली किती वाजता यावंच लागतं, एवढं कागदावर लिहून दिलं. मित्र येणार आहेत हेही सांगितलं, आणि तुमच्यासमोर आम्ही थोडे अवघडू, हेही. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. गुडघ्याच्या पट्ट्याची चौकशी केली. मग म्हणाले, “बारा वाजता जिथं असू तिथून वापस. आन् समोर मी चालीन.”

शीटमध्ये सातवं नाव टाकलंय. ग्रुपवर अजून लिहिलेलं नाही.