मस्टर नसलेला प्रवास

चर्चगेट ते विरार हे अंतर ६० किलोमीटरचं. सगळ्या स्टेशनांवर थांबणारी स्लो लोकल त्यासाठी पावणेदोन तासांच्या आसपास घेते. म्हणजे ताशी साधारण ३४ किलोमीटर. स्वित्झर्लंडमध्ये झेरमाटहून सेंट मॉरिट्झला जाणारी ग्लेशियर एक्सप्रेस सुमारे २९० किलोमीटरला आठ तास लावते. म्हणजे ताशी साधारण ३६ किलोमीटर. जगातली सर्वांत संथ एक्सप्रेस अशीच तिची ख्याती आहे, आणि त्या संथपणासाठी देशोदेशींचे लोक मुद्दाम जागा राखून ठेवतात. त्यांत नोकरीतून मोकळे झालेले पुष्कळ असतात. आमचा वसई-विरारकर मात्र जवळपास त्याच वेगाने उमेदीची सगळी वर्षं जा-ये करतो आणि यातून एकदाचा कधी सुटतो, असं त्याला होऊन जातं.

आल्प्सच्या शिखरांमुळे फरक पडतो हे खरंच. पण भाईंदर-नायगावच्या मधली खाडी, भरतीचं पाणी आणि मिठागरंही काही कमी देखणी नाहीत. मुख्य फरक दुसराच आहे. लोकलच्या दुसऱ्या टोकाला मस्टर असतं, त्या एक्सप्रेसच्या टोकाला ते नसतं. संथ गाडीतला वेळ आपला असेल तर ती चैन वाटते आणि दुसऱ्याचा असेल तर शिक्षा. निवृत्तीनंतरच्या लांबच्या रेल्वेप्रवासाचा विचार मला इथून सुरू करावासा वाटतो.

१८६७ च्या एप्रिलमध्ये विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली गाडी सुरू झाली. सकाळी एक जाणारी, संध्याकाळी एक परतणारी. १९३६ मध्ये विजेवरच्या गाड्या विरारपर्यंत आल्या, पुढे गाड्या वाढल्या, डबे वाढले, परवडणाऱ्या घरासाठी मुंबई सोडलेली लाखो माणसं नालासोपारा-विरारला येऊन राहिली. पण सकाळी दक्षिणेला आणि संध्याकाळी उत्तरेला, हा साचा काही मोडला नाही. विरार-चर्चगेट करणाऱ्या कुणाचाही हिशेब मांडून पाहावा. रोजचे जाऊन-येऊन १२० किलोमीटर, वर्षाचे २५० दिवस आणि ३० वर्षांची नोकरी धरली, तर ९ लाख किलोमीटर होतात. चंद्र सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे. तिथे जाऊन परत आलं तरी अंतर शिल्लक राहतं. रोजचे तीन तास धरले तर गाडीत गेलेला वेळ २२,५०० तास, म्हणजे दिवसरात्र मोजली तर अडीच वर्षांहून जास्त.

एवढा रेल्वेप्रवास केलेली माणसं जगात थोडीच सापडतील. तरीही भाईंदर-नायगावच्या खाडीतलं पाणजू बेट पुलावरून कोणत्या बाजूला दिसतं, हे यातल्या अनेकांना चटकन सांगता येणार नाही. पूल येतो तेव्हा नजर समोरच्याच्या पाठीवर खिळलेली असते, नाहीतर डोळे मिटलेले असतात.

या प्रवासाने शरीराला लावलेलं वळण जवळून पाहण्यासारखं आहे. नालासोपाऱ्याचा माणूस सकाळी आधी उलट दिशेने विरारला जातो, त्याच गाडीत बसून राहतो आणि जागा राखून मुंबईकडे निघतो. याला ‘रिटर्न’ म्हणायचं. तिघांच्या बाकावर चौथा अर्धं अंग टेकवतो. उभा असलेला बसलेल्याला ‘कुठे उतरणार?’ विचारून त्याची जागा आधीच आपल्या नावावर करून घेतो. दादरला उतरायचं असेल तर तयारी अंधेरीपासून. या गाडीने माणसं जोडली, भजनी मंडळं दिली, दसऱ्याला डब्याला तोरण बांधायला शिकवलं, बायकांच्या डब्यात भाजी निवडता निवडता सुखदुःखाची वाटणी झाली. हे ऋण मोठं आहे. पण निवांत बसावं कसं, हे तिथे कुणालाच शिकता आलं नाही. साठीनंतर गाडी सुटते, अंगातली घाई सुटत नाही.

म्हणूनच निवृत्तीचे पैसे हातात आल्यावर आपण जो पहिला मोठा प्रवास करतो, तो बहुतेक वेळा विरार फास्टचाच असतो. फक्त ठिकाण बदलतं. युरोपची सहल घेतली जाते. थोड्याच दिवसांत अनेक देश, पहाटेचा गजर, सहाला बॅगा खोलीबाहेर, आठला बस, प्रत्येक चौकात वीस मिनिटं आणि फोटो. अशा सहलींनी भाषेची, जेवणाची, एकटं पडण्याची भीती घालवून हजारो मराठी माणसांना परदेश दाखवला, याबद्दल मला आदर आहे. पण साठी ओलांडलेल्या माणसाने तिथेही घड्याळाच्या धाकात राहावं, याचं वाईट वाटतं.

युरोपातली रेल्वे याहून वेगळी सोय देते. १९५९ मध्ये युरेल पास आला, १९७२ मध्ये तरुणांसाठी इंटररेल. एक पास घ्यायचा आणि मनात येईल तिथे चढायचं-उतरायचं, ही त्यामागची कल्पना. पुढे इंटररेलही सर्व वयांना खुला झाला आणि आज हे पास तीसहून अधिक देशांत चालतात. साठीच्या पुढच्यांना त्यात थोडी सवलतही आहे. जर्मनीत २०२३ च्या मे महिन्यापासून एक मासिक तिकीट निघालं. सुरुवातीला ते ४९ युरोंचं होतं, नंतर किंमत वाढली. देशभरातल्या साध्या, थांबत जाणाऱ्या गाड्यांत ते चालतं. अतिवेगवान गाड्यांत चालत नाही. मुलगा किंवा मुलगी म्युनिक-फ्रँकफुर्टला नोकरी करते आणि आईवडील तीन महिन्यांच्या व्हिसावर तिथे जातात, अशी घरं आता महाराष्ट्रात गावोगावी आहेत. अशा आईवडिलांना याहून चांगली भेट मला सुचत नाही. बिंगेन ते कोब्लेंत्स हा ऱ्हाइन नदीकाठचा पट्टा साधारण ६५ किलोमीटरचा, म्हणजे आपल्या विरार-चर्चगेटएवढाच. २००२ पासून तो युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. साधी गाडी नदीला लगटून जाते, लहान लहान गावांना थांबते. उतारावर द्राक्षमळे, वर किल्ले, खाली मालवाहू होड्या. आवडलं तर उतरावं, मागून पुढची गाडी येतेच. ती चुकली तरी लेटमार्क लागत नाही.

वेळेचा धाक नसलेला प्रवास आपल्याकडे अगदीच नवा आहे असं नाही. मुलांची लग्नं झाली, जबाबदाऱ्या उरकल्या की काशीला निघायचं, ही जुनी रीत. निघताना निरवानिरव करायची, कारण परत येण्याची खात्री नसायची. रेल्वेने हा प्रवास महिन्यांवरून दिवसांवर आणला. आमच्या वसईत कुणी काशी-रामेश्वरला जातं, कुणी वेलंकनीला, ऐपत असेल तर रोमला आणि लूर्दला. म्हातारपणी घर सोडून दूर जायला समाजाने मान दिला तो यात्रेच्या नावाने. नुसतं पाहायला, नुसतं बसायला जातो असं म्हटलं की मन खातं. नातवाची शाळा, घराचा हप्ता, उगाच खर्च, असे शब्द ऐकू येतात. माझं म्हणणं असं की ज्याने ३० वर्षं दुसऱ्याच्या वेळेवर गाडी पकडली, त्याला आता कारणाशिवाय गाडीत बसायचा पुरेपूर हक्क आहे.

त्यासाठी युरोपच हवं असंही नाही. निलगिरीची गाडी घ्या. मेट्टुपालयम ते उटी हे ४६ किलोमीटर चढायला तिला पावणेपाच तास लागतात. कल्लारनंतर खरा चढ लागतो. तिथे रुळांच्या मधोमध दात्यांची पट्टी सुरू होते, इंजिनाचं दातेरी चाक त्यात अडकतं आणि गाडी एकेक दाता पकडत वर सरकते. ही रचना स्विस अभियंता रोमान आब्ट यांची. १८९९ मध्ये गाडी कुन्नूरपर्यंत पोचली, १९०८ मध्ये उटीला. २००५ मध्ये तिचं नाव जागतिक वारशात गेलं. पुढे २००८ मध्ये आपली कालका-शिमला रेल्वे आणि स्वित्झर्लंडमधला आल्बुला-बर्निना मार्ग एकाच वर्षी त्या यादीत दाखल झाले. ज्या संथपणासाठी आपण आल्प्सकडे पाहतो, तो आपल्याही डोंगरांत आहे.

वसई रोड तर अशा प्रवासाचा उंबरठाच. इथून दिव्याकडे जाणारा फाटा जूचंद्र, कामण रोड, खारबाव, भिवंडी असा तुंगारेश्वरच्या डोंगरांच्या बाजूने जातो आणि गुजरात-राजस्थानातून येणाऱ्या कितीतरी गाड्या मुंबई टाळून कोकणात, केरळात नेतो. २०२४ च्या ऑगस्टपासून वांद्र्याहून वसईमार्गे मडगावची गाडीही सुरू झाली. मडगाव, मंगळुरू, पालक्काड, कोइम्बतूर, वर उटी, मग चेन्नई, सोलापूर, पुणे आणि घरी, असं वर्तुळ आखता येतं. रेल्वेकडे त्यासाठी सर्क्युलर जर्नी तिकीट आहे. जिथून निघालो तिथेच परत यायचं, वाटेत जास्तीत जास्त आठ ठिकाणी थांबायचं, आणि सगळं अंतर एकत्र धरत असल्याने दर किलोमीटरमागे भाडं कमी पडतं. साध्या लांबच्या तिकिटावरही ५०० किलोमीटर झाल्यावर दोन दिवस उतरून राहायची मुभा असते. इतकी शहाणपणाची सोय आपल्याकडे आहे, आणि तिची माहिती फारच थोड्यांना आहे.

या प्रवासाचा सर्वांत मोठा लाभ बायकांना होतो असं मला वाटतं. पुरुष ठरलेल्या तारखेला निवृत्त होतो; त्याच्या बायकोला अशी तारीख नसते. नोकरी केलेली असो वा नसो, सकाळचा चहा आणि रात्रीची झाकपाक तिच्याकडेच. घरात आराम कर म्हटलं तरी तिला तो करता येत नाही, कारण घर हीच तिची कामाची जागा. लांबच्या गाडीत ओटा नाही, दारावरची बेल नाही. खिडकीशी पाय दुमडून बसलेल्या बाईला तासन्‌तास कुणी काही मागत नाही. पंचेचाळिशीपासून बायकांसाठी खालच्या बर्थचा कोटा रेल्वेने ठेवला आहे. ही सोय लहान दिसते, पण गुडघे दुखणाऱ्या बाईने प्रवासाला निघावं की नाही, हे पुष्कळदा या सोयीवरच ठरतं.

आणि म्हणून हा प्रश्न हौसेपुरता राहत नाही. साठीच्या पुरुषांना ४० टक्के आणि अठ्ठावन्नच्या पुढच्या स्त्रियांना ५० टक्के अशी रेल्वेभाड्यात सवलत होती. २०२० च्या मार्चमध्ये ती करोनाच्या काळात थांबवली गेली. साथ ओसरून वर्षं लोटली तरी परत आलेली नाही. प्रत्येक प्रवाशाचा निम्म्याच्या जवळपास खर्च आपण सोसतोच, असं सरकार सांगतं. तो हिशेब मला मान्य आहे. पण दुसराही हिशेब मांडायला हवा. खासगी कारखान्यांत, वसईच्या औद्योगिक वसाहतींत राबलेल्या कामगाराला भविष्य निर्वाह निधीच्या योजनेतलं किमान निवृत्तिवेतन २०१४ पासून महिना १,००० रुपये ठरलेलं आहे. त्याच्यासाठी ही सवलत म्हणजे जाणं आणि न जाणं यांतलं अंतर. पैसेवाल्यांना विमान आहे, पॅकेज आहे. ज्याच्यापाशी फक्त वेळ उरला आहे, त्याला रेल्वेच हवी.

संथ प्रवास ही श्रीमंतांची आवड म्हणून सोडून दिली, तर ज्यांनी उभं राहून, घामात भिजून हे महानगर चालवलं त्यांच्या वाट्याला फक्त घाईच येईल. सवलत पूर्ववत व्हायला हवी. सर्क्युलर तिकीट कुठल्याही आरक्षण खिडकीवर मिळायला हवं, त्याची पाटी मराठीत लागायला हवी. ज्येष्ठ नागरिक संघांनी सहलीच्या बसइतकीच ही तिकिटंही समजावून सांगायला हवीत. आणि जे नुकतेच मोकळे झाले आहेत, त्यांनी पहिला बेत लहान आखावा. वसईहून मडगावपर्यंतच जावं, परतीचं तिकीट चार-आठ दिवस पुढचं काढावं, आणि मधल्या दिवसांचं वेळापत्रक कुणालाही, अगदी मुलांनाही, करू देऊ नये. निवांत राहणं सवयीने जमतं, आणि ती सवय लावून घ्यायला साठी हे वय अजिबात उशिराचं नाही.