कच्चे मडके

धाराशिव जिल्ह्यातले तेर हे गोरोबाकाकांचे गाव. त्यांची एक आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. संतमंडळी जमली असता मुक्ताबाईच्या सांगण्यावरून काकांनी हाती थापटणे घेतले, एकेकाच्या डोक्यावर ठोकून पाहिले आणि नामदेवांना ‘कच्चे मडके’ ठरविले.

परवा या भागातल्या एका घरी ही कथा आठवली. घरातला सतरा वर्षांचा मुलगा दोन महिने कोणाशी धड बोलत नव्हता. रात्र रात्र जागा राही, भरल्या ताटावरून उठून जाई. आजीबाई मला म्हणाल्या, “ह्याच्या आज्याचंबी असंच होतं. रक्तातच हाय ते. त्याला कोण काय करणार?” मुलगा शेजारच्याच खोलीत होता. दार उघडे होते.

आजीबाईंचे बोलणे अगदीच निराधार नव्हते. मनावर ताण आला की मूत्रपिंडांवरच्या चिमुकल्या ग्रंथी कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक रक्तात सोडतात. ताण सरला की मेंदू त्याला आवर घालतो. हा आवर कोणाला लवकर बसतो, कोणाला उशिरा. आणि त्यात आईबापांकडून आलेल्या जनुकांचाही हात असतो. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांचा एक आढावा २००० साली निघाला. नैराश्याच्या बाबतीत माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला सुमारे ३७ टक्के वाटा आनुवंशिकतेचा, असे त्यात आढळले. परंतु हा हिशेब समुदायाचा आहे. त्यावरून एका मुलाचे भविष्य वर्तविता येत नाही. शिवाय हे काम कोण्या एका जनुकाचे नव्हे. अनेक जनुके आपापला लहानसा भार टाकतात, आणि उरलेले आयुष्य टाकते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूरची भूमी हादरली. एकाच ढिगाऱ्यातून निघालेली दोन भावंडे पुढे सारखीच सावरतील, असे कोणी म्हणेल काय? आणि जे सावरले नाही, त्याला भित्रे म्हणण्याचा अधिकार कोणाला? ‘रक्तातच आहे’ हे वाक्य इथे दयेचे ठरते. ते दोषाचे ओझे उतरविते. पण त्याला ‘कोण काय करणार’ हे शेपूट जोडले, की तेच वाक्य निष्ठुर होते. दोष गेला, तशी आशाही गेली!

काकांनी नामदेवांना कच्चे म्हटले, फुटके म्हटले नाही. त्यांची माती वाईट आहे, असेही म्हटले नाही. नामदेव तो शब्द जिव्हारी लागूनही तिथेच बसले नाहीत. विसोबा खेचरांकडे गेले. सतराव्या वर्षी कोणाचे मडके पक्के असते? माती आपण निवडीत नाही, हे खरे. पण ओल्या मडक्याला हात कसा लावायचा, हे तर भोवतालच्यांच्या हाती असते.

“मग कुठं न्यावं ह्याला?” आजीबाईंनी विचारले. मी म्हणालो, “मनाच्या डॉक्टरांना दाखवा, आजी. तोवर १४४१६ वर फोन करा. टेलि-मानसची ही सरकारी सेवा २०२२ पासून आहे.”

त्या उठल्या. जाताना ताट वाढून घेतले आणि त्या उघड्या दारातून आत गेल्या.