सोळा पाकळ्या आणि एक गोळी

चँडलरला राहणाऱ्यांकडे भारतातून कोणी आलं की ग्रँड कॅन्यन ठरलेलंच, आणि त्या वाटेवर सेडोनाही ठरलेलं. तीन वर्षांपूर्वी मावशी पुण्याहून सहा महिन्यांसाठी आली, तेव्हा आम्हीही हा नेम चुकवला नाही. सेडोना जितकं लाल डोंगरांसाठी प्रसिद्ध आहे, तितकंच तिथल्या 'व्होर्टेक्स'साठीही. बेल रॉक, कॅथीड्रल रॉक अशा काही ठरावीक जागी पृथ्वीची ऊर्जा भोवऱ्यासारखी उसळते, असं मानणारे लोक लांबलांबून तिथे येतात. साहजिकच गावात स्फटिकांची आणि तत्सम वस्तूंची दुकानं पुष्कळ. अशाच एका दुकानाच्या काचेत एक तक्ता लावला होता. मांडी घालून बसलेली आकृती, तिच्या कण्यावर सात रंगांची सात चक्रं, आणि प्रत्येक चक्रापुढे शरीरातली एक ग्रंथी आणि एक आसन. नावं मात्र अस्सल आपली: मूलाधार, स्वाधिष्ठान, मणिपूर, अनाहत, विशुद्ध, आज्ञा, सहस्रार.

मावशीचा चेहरा फुलला. "बघ रे, आपलं आता ह्यांनाही पटायला लागलं!"

माझ्या चौदा वर्षांच्या लेकीनं विचारलं, "बाबा, पण हे खरंच असतं का? म्हणजे, आत?"

मी एकदा मावशीकडे बघितलं आणि म्हणालो, "अगं, आपल्या ऋषींना हे हजारो वर्षांपूर्वी ठाऊक होतं."

लेकीनं विचारलं होतं 'आहे का', आणि मी उत्तर दिलं 'कोणाचं आहे' याचं. त्या वेळी हे माझ्या लक्षातही आलं नाही.

परतल्यावर मावशीनं घराजवळच्या एका योगवर्गात नाव घातलं. शिकवणाऱ्या बाई प्रेमळ होत्या. महिन्याभरात मावशीचे गुडघे मोकळे झाले आणि रात्रीची झोप सुधारली. भिंतीला पाय टेकवून विपरीतकरणी केली, मत्स्यासन केलं, की गळ्यातलं विशुद्ध चक्र संतुलित होतं आणि त्याबरोबर थायरॉईडही, असं तिथे सांगितलं जाई. मावशी पंधरा वर्षं थायरॉईडची गोळी घेत होती. एका सकाळी तिनं विचारलं, "अरे, थोडे दिवस गोळी बंद करून बघू का? मुळातूनच इलाज होतोय तर वरून कशाला?"

मी लॅपटॉपमधून डोकं वर न काढता म्हणालो, "बघ करून. आपलंच तर शास्त्र आहे."

गोळी बंद करा, असं वर्गातल्या बाई कधीच म्हणाल्या नव्हत्या. ते मी म्हणालो.

जुलै उजाडला. मावशी घरात स्वेटर घालून बसू लागली. आम्ही म्हटलं, एसीची सवय नाही. दुपारभर झोपू लागली. आम्ही म्हटलं, उन्हामुळे बाहेर पडता येत नाही, बिचारी करणार काय? चेहरा सुजल्यासारखा दिसू लागला, तेव्हा आम्ही इथल्या खाण्याला दोष दिला. आवाज घोगरा झाला, तो कोरड्या हवेमुळे. एके दिवशी दुपारी बाहेर ११० डिग्री फॅरनहाइट असताना ती स्वेटर न काढता अंगणात जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आत्ता कुठे बरं वाटतंय." माझ्या बायकोनं त्याच दिवशी डॉक्टरांची वेळ घेतली. रक्तातलं टीएसएच अनेक पटींनी वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी एवढंच विचारलं, "गोळी कधी बंद केली?" हे असंच चाललं असतं तर हृदयावरही ताण आला असता, असं ते म्हणाले. पूर्ववत व्हायला मावशीला दोन महिने लागले.

ती परत गेल्यावर, जे आधी वाचायला हवं होतं ते मी वाचायला घेतलं. षट्चक्रांची आज जी मांडणी सर्वत्र दिसते, तिचा एक मुख्य आधार म्हणजे बंगालमधल्या पूर्णानंदांनी १५७७ साली लिहिलेलं 'षट्चक्रनिरूपण'. कोलकाता उच्च न्यायालयाचे न्यायाधीश जॉन वुड्रॉफ यांनी 'आर्थर ॲव्हलॉन' या नावानं १९१९ साली त्याचं इंग्रजी भाषांतर केलं आणि ते पश्चिमेत पोचलं. त्यात विशुद्ध चक्र म्हणजे सोळा पाकळ्यांचं कमळ, आणि पाकळ्यांवर सोळा स्वर. सहा चक्रांच्या पाकळ्यांची बेरीज पन्नास, म्हणजे पुरी वर्णमाला. साधकानं एकेका जागी मन स्थिर करायचं, तिथलं अक्षर आणि तिथलं दैवत ध्यानात आणायचं, असा हा ध्यानाचा नकाशा आहे. त्यात थायरॉईडचा उल्लेख नाही, आणि असणार तरी कसा? या ग्रंथीतलं थायरॉक्सिन वेगळं काढलं गेलं तेच मुळी १९१४ साली. 'हठयोगप्रदीपिके'त पंधरा आसनं आहेत, पण अमुक चक्राला अमुक आसन असा तक्ता नाही. आपल्या ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनी जागी होते त्याचं थक्क करणारं वर्णन आहे, पण तो योग्याचा प्रवास आहे, दुखण्याचा इलाज नव्हे. चक्रांना इंद्रधनुष्याचे रंग आणि शरीरातल्या ग्रंथी जोडण्याचं काम थिऑसॉफीच्या मंडळींपासून पुढे, गेल्या सव्वाशे वर्षांत आणि बरंचसं पश्चिमेत झालं. म्हणजे ज्या तक्त्यावर मावशी आणि मी खूश झालो, त्यात नावं आपली होती, पण औषधाचा भाग बहुतेक इथलाच होता!

मग चक्रं खोटी म्हणायची का? हा प्रश्न एका माणसानं फार धीटपणे विचारला होता. १८७५ साली मुंबईत आर्य समाज स्थापन करणारे स्वामी दयानंद तरुणपणी हठयोगाचे ग्रंथ घेऊन हिंडत होते. त्यांनी आत्मकथनात सांगितलं आहे, की गंगेतून वाहत आलेलं एक प्रेत त्यांनी काठावर ओढून घेतलं, सुरीनं चिरलं आणि पुस्तकातलं वर्णन आतल्या अवयवांशी ताडून बघितलं. काहीच जुळेना. तेव्हा त्यांनी ती पुस्तकं फाडून प्रेताबरोबरच नदीत सोडून दिली.

या गोष्टीवर मी बरेच दिवस विचार केला. विषुववृत्त शोधायला कोणी जमीन खणत नाही. ती रेषा मातीत नाही म्हणून खोटी ठरत नाही, गलबत त्याच रेषेच्या हिशेबानं चालतं. ध्यानातल्या कमळाचंही तसंच आहे. तिथे मन टिकतं का, शांत होतं का, एवढीच त्याची कसोटी, आणि ती ज्याची त्यानं घ्यायची. पण तेच कमळ थायरॉईड बरं करतं असं म्हटलं, की आपण होऊन सुरीला आमंत्रण दिलं. मग रक्ताच्या तपासणीला नाही म्हणता येत नाही. आपण मात्र दोन्ही डगरींवर हात ठेवतो. मिरवायचं असलं की हे 'शास्त्र' असतं, कोणी पुरावा मागितला की लगेच ती 'श्रद्धा' होते. 'संतुलन' या शब्दानंही मोठी सोय केली आहे. आमच्या कामात कोणी येऊन 'सिस्टिम बॅलन्स केली' म्हणालं, तर आम्ही विचारतो, आधीचा आकडा काय आणि आताचा काय? स्वतःच्या मावशीच्या बाबतीत हा प्रश्न मला सुचला नाही.

तुम्ही म्हणाल, लोकांना बरं वाटतंय तर आपण कशाला मोडता घालायचा? आधीच परक्या देशात आपल्या गोष्टींना मान कमी! यातलं पहिलं मी नाकारत नाही. मावशीचे गुडघे आणि झोप खरोखरच सुधारली होती. पण ते आसनांमुळे आणि श्वासामुळे झालं, त्यासाठी ग्रंथींच्या तक्त्याची गरज नव्हती. दुसऱ्या मुद्द्याला माझं उत्तर लोणावळ्यात आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली तिथे कैवल्यधाम काढलं आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे त्रैमासिकही. योगक्रिया चालू असताना शरीरात काय होतं, ते त्यांनी क्ष-किरण आणि दाबमापक लावून पाहिलं. नौली करताना मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, हे मोजून दाखवलं, आणि त्या निर्वात अवस्थेला आपल्या गुरूंचं, माधवदासजींचं नाव दिलं. गुरूविषयीचा आदर आणि हातातलं यंत्र या दोन्ही गोष्टी त्या माणसापाशी एकत्र नांदत होत्या. मला मिरवायचंच असेल तर मी हे मिरवीन.

परदेशात आल्यावर आपण संस्कृती जपतो म्हणजे नेमकं काय जपतो, हा प्रश्न या निमित्तानं मला पडला. मी त्या दिवशी जपला तो माझा अभिमान, आणि त्याची किंमत मावशीनं मोजली. लेकीला मी नंतर नीट उत्तर दिलं: "आत कापून दिसणारं असं काही नाही. डोळे मिटून बसलीस तर कदाचित उपयोग होईल. पण दुखलं-खुपलं तर आधी डॉक्टर." ती म्हणाली, "मग तेव्हाच असं का नाही सांगितलंस?" त्याचं उत्तर म्हणजे हा लेख.

मावशी आता पुण्यात ठणठणीत आहे. रविवारी तिचा फोन येतो. मी पहिल्यांदा गोळीचीच चौकशी करतो आणि ती हसते. "घेतली रे बाबा. उपाशीपोटी घेतली की तासभर चहा नाही ना! मग तेवढा वेळ मी डोळे मिटून गळ्यातल्या त्या कमळापाशी बसते. फार छान वाटतं."