रूपांतर की विपर्यास?

जुन्या रहस्यकथांची नवी दूरचित्रवाणी-रूपांतरे पाहून प्रेक्षक सहसा दोनच निकाल देतात : ‘कथेचे वाटोळे केले’ किंवा ‘जुन्यात जीव ओतला’. उज्जैनच्या माधवनगरातील मराठी घरांतही हा वाद रंगतो. ज्यांनी १९९३ साली बासू चटर्जींच्या मालिकेत रजित कपूर यांचा धोतर नेसलेला व्योमकेश पाहिला, त्यांना तोच खरा वाटतो. ज्यांची शेरलॉक होम्सशी पहिली भेट २०१० च्या बी.बी.सी. मालिकेत झाली, त्यांना मोबाइलवाचून होम्स अपुरा वाटतो. दोन्ही पक्ष आपल्या सवयीलाच प्रमाण मानतात. आमच्या मते प्रश्न सवयीचा नसून नीतीचा आहे. दिवंगत लेखकाच्या कृतीशी आपण कितपत बांधलेले आहोत?

कायद्याने याचे अर्धे उत्तर दिले आहे. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याच्या ५७ व्या कलमाप्रमाणे, हक्क विकल्यावरही आपल्या लौकिकास बाध आणणारी मोडतोड रोखण्याचा अधिकार लेखकाकडे राहतो. ‘आपका बंटी’ या आपल्या कादंबरीवरील चित्रपटाविरुद्ध मन्नू भंडारी दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या होत्या. याच लेखिका पुढे उज्जैनच्या विक्रम विद्यापीठात प्रेमचंद सृजनपीठाच्या प्रमुख झाल्या. १९८६ साली न्यायालयाने तत्त्व सांगितले ते असे की, माध्यम बदलले म्हणजे काही फेरफार अटळ. मात्र त्या निमित्ताने मूळ कृतीचा विपर्यास करता येत नाही.

पण विपर्यास कशाला म्हणावे? आपल्या देवळांतील कीर्तन पाहावे. बुवा आख्यानात आजचे दाखले घालतात, प्रसंग फुलवतात, आणि श्रोते माना डोलावतात. तेच बुवा हरिश्चंद्राच्या तोंडी सोयीचे असत्य घालतील, तर सभा उठून जाईल. वेष बदलला तरी चालतो, सत्त्व बदलून चालत नाही.

रहस्यकथेचे सत्त्व पुराव्याच्या प्रामाणिक मांडणीत असते. होम्सच्या १८८७ मधील पहिल्या कादंबरीत भिंतीवर रक्ताने ‘राखे’ असा जर्मन शब्द लिहिलेला सापडतो. पोलीस त्यास ‘रेचेल’ या नावाचा अर्धा भाग समजतात. होम्स सांगतो, याचा अर्थ सूड. २०१० च्या मालिकेत नेमके उलट घडते : सूड हा अर्थ दुसराच सुचवतो आणि होम्स नाव ओळखतो. कथा उलटली, परंतु अक्षरे प्रेक्षकासमोर उघडी ठेवली. यात फसवणूक नाही.

याहून गंभीर प्रश्न अगाथा ख्रिस्तीच्या १९५८ मधील ‘ऑर्डील बाय इनोसन्स’चा. खरा अपराधी ठरेपर्यंत घरातील प्रत्येक निरपराध माणूस संशयाखाली जळतो, हा त्या कादंबरीचा गाभा. २०१८ च्या मालिकेत खुनीच बदलला. वाचक संतापले, आणि तो संताप अनाठायी नव्हता. एकास सोडून दुसऱ्यास दोषी ठरवायचे, तर सारा पुरावा नव्याने उभा करावा लागतो. केवळ जाणत्यांना चकवण्यासाठी कोणी निकाल फिरवील, तर तो न्याय नव्हे.

व्योमकेश स्वतःस गुप्तहेर म्हणवीत नाही, ‘सत्यान्वेषी’ म्हणवतो. प्रेक्षकानेही तेच व्हावे. धोतर होते की नाही, हे विचारण्यापूर्वी आपल्याशी सचोटीने वागले गेले का, हे विचारावे. आणि लेखक प्रतिवादास उभा राहू शकत नाही, हे विसरू नये. त्याची साक्ष मूळ पुस्तकात आहे. ती न वाचता दिलेला निकाल, स्तुतीचा असो वा निंदेचा, एकतर्फी हुकूमनामाच होय.