टेबल गेलं कुठे?

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरचा जुना मॉनिटर खाली काढला. पाठीला कुबड असलेला, काचेच्या नळीचा. भंगारवाल्यानं तो नुसता हलवून पाहिला आणि तोंड वाकडं केलं. वजन भरपूर, पैसा शून्य. "सीपीयू असेल तर द्या, त्याच्यासोबत नेतो," म्हणाला. त्या उभ्या डब्याला सीपीयू म्हणणं चूक आहे, हे वर्गात शिकूनही आपण सगळे तसंच म्हणत राहिलो. डबा गेला, मॉनिटर गेला, मागे राहिलं कीबोर्डचा सरकता खण असलेलं टेबल. त्याच्यावर आता इस्त्रीचे कपडे असतात.

मोबाइलनं संगणक संपवला, असं आपण सहज बोलून जातो. आकडेही तसंच सांगतात. स्टॅटकाउंटरच्या मोजणीनुसार ऑक्टोबर 2016 मध्ये मोबाइल आणि टॅबलेटवरून होणारा इंटरनेटचा वापर जगभरात पहिल्यांदा संगणकाच्या पुढे गेला: 51.3 टक्के विरुद्ध 48.7. आपल्याकडे त्याच्या महिनाभर आधी जिओ आलं होतं. मला मात्र वाटतं, संगणक आहे तिथेच आहे, फक्त खिशात. हरवलंय ते टेबल.

डेस्कटॉप या शब्दातच मेज आहे. झेरॉक्सच्या कॅलिफोर्नियातल्या संशोधन केंद्रात 1973 साली आल्टो नावाचा संगणक तयार झाला आणि त्याच घराण्यातला स्टार 1981 मध्ये बाजारात आला. त्याच्या पडद्यावर कचेरीतलं टेबलच मांडलेलं होतं: कागद, फोल्डर, आलेल्या-गेलेल्या टपालाचे ट्रे. माणूस कागद पसरतो, दोन कागद शेजारी ठेवून ताडून पाहतो, मग फायलीला लावून ठेवतो. म्हणजे पसरायला जागा आणि ठेवायला कपाट. आपल्याकडे 2001 पासून एमएस-सीआयटीच्या वर्गांत सरकारी नोकर दुसरं काय शिकले? विंडो उघडायची, बाजूला सरकवायची, फाइलला नाव द्यायचं, फोल्डरात टाकायची. माउस धरताना घाम फुटलेली माणसं हे शिकली, आणि शिकल्याचा त्यांना अभिमानही होता.

ताकदीचा प्रश्न तर केव्हाच मिटला. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीत सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी 1985 मध्ये एआरएम चिप बनवली, ती टेबलावरच्या संगणकासाठीच. पहिली चिप तपासताना वीज मोजणारा मीटर शून्य दाखवत होता. नंतर कळलं, तिला वीज जोडलेलीच नव्हती. इतर जोडण्यांतून झिरपणाऱ्या विजेवर ती चालत होती! इतक्या अल्पाहारी चिपला पुढे बॅटरीवरच्या फोनात घर मिळालं यात नवल नाही. 2020 मध्ये ॲपलनं मॅकमध्ये एम1 बसवली, तेव्हा तीच जातकुळी, लेक माहेरी यावी तशी, टेबलावर परतली.

मग फोनलाच मोठा पडदा जोडला तर? 2011 मध्ये मोटोरोलाच्या ॲट्रिक्सनं, 2015 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या लुमियानं, 2017 मध्ये सॅमसंगच्या डेक्सनं हेच करून दाखवलं. लोकांनी फारसं मनावर घेतलं नाही. ज्याच्याकडे मॉनिटर होता त्याच्याकडे बहुधा संगणकही होता. ज्याच्याकडे नुसता फोन, त्यानं मॉनिटर आणायचा कुठून, आणि दहा बाय बाराच्या खोलीत मांडायचा कुठे?

एक कबुली मात्र द्यायला हवी. टेबलावरच्या संगणकानं मराठीला फार छळलं. एका फाँटमधला मजकूर दुसऱ्या मशीनवर उघडला की नुसती खिचडी. मराठी टायपिंग हे डीटीपीवाल्याचं काम. आपण कागदावर लिहून त्याच्या दुकानाच्या पायऱ्या झिजवायच्या. फोननं युनिकोड घरोघर नेलं. मुंबई आयआयटीत तयार झालेल्या 'स्वरचक्रा'त तर अक्षर दाबलं की त्याच्याभोवती मात्रांचं चक्र उमलतं. क दाबा, का-कि-की-कु हजर. बाराखडी येते त्याला वेगळं टायपिंग शिकायची गरजच उरत नाही. 2017 पासून गूगलवर मराठीत बोलून लिहिता येतं. माझ्या आत्यानं उभ्या जन्मात टाइपरायटरला हात लावला नव्हता; आता ती सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याच्या टँकरबद्दल असं लिहिते, की सेक्रेटरी दोन दिवस गप्प असतो.

शेताच्या बांधावरही टेबल कधी गेलं नसतं. 2021 मध्ये राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः रानात उभा राहून पिकाचा फोटो काढतो आणि सातबाऱ्यासाठी नोंद करतो. हे काम फोनचंच. पण त्याच वर्षी राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारनं दिलेले फोन परत केले, हेही आठवावं. फोन अडखळायचे, ॲप इंग्रजीत, आणि बाळांची वजनं मात्र रोजच्यासारखीच घ्यायची. कारकुनाच्या टेबलावरचं काम उचलून सेविकेच्या तळहातावर ठेवलं. टेबल काही दिलं नाही.

आणि कपाट? फोनवर वाढलेल्या मुलाला विचारा, फाइल कुठे ठेवलीस? "व्हॉट्सॲपवर आली होती." मग बोटानं वर वर सरकवत शोध. वस्तू कुठे आहे याऐवजी ती केव्हा आली हे लक्षात ठेवायचं. त्यात चूक काही नाही. आमची आजीही 'गणपतीच्या आदल्या आठवड्यात आलेलं पत्र' असंच शोधायची. पण ट्रंक आजीची होती. आता कपाट दुसऱ्याच्या घरात, आणि भरलं की महिन्याचं भाडं सुरू. नोकरीचा अर्ज भरायची वेळ आली, फोटो 50 केबीच्या आत, सही वेगळी, दाखले पीडीएफमध्ये, की हाच मुलगा खिशात फोन असताना नाक्यावरच्या सेवा केंद्रात जाऊन रांग लावतो. तिथे काउंटरमागे सरकता खण असलेलं टेबल असतं, वर मॉनिटर, आणि दोन विंडो शेजारी शेजारी उघडून बसलेली एक मुलगी. ती माणशी पन्नास रुपये घेते.

हा लेखही निम्मा फोनवर बोलून लिहिला. खर्डा फोनवरच दोनदा वाचला, ठीक वाटला, संपादकांना पाठवूनही देणार होतो. मग काय वाटलं कोण जाणे, नाक्यावरून प्रिंट काढून आणली, इस्त्रीचे कपडे पलंगावर टाकले आणि पानं टेबलावर पसरली. आत्या चिपच्या आधी आली होती. तिला उचलून खाली आणलं.