आबांचा दोर

आदिलाबाद जिल्ह्यातल्या बोथमधल्या आबांच्या जुन्या घराच्या भिंती दगडमातीच्या, दीड हात जाडीच्या. उन्हाळ्यात आत गारवा असतो, पण वायफाय त्या भिंतींना थडकून मरतं. राऊटर ओसरीवर, बियाण्यांच्या पत्र्याच्या कोठीमागे. मागच्या खोलीत नात बारावीचा अभ्यास करायची, तर व्हिडिओ सारखा फिरत राहायचा.

नातवाने आदिलाबादच्या दुकानात आठ अँटेनांचा राऊटर हेरून ठेवला होता. किंमत जवळपास एक क्विंटल कापसाची.

त्या दिवशी किनवटहून मामा आले होते. १९५६ पर्यंत किनवट आदिलाबाद जिल्ह्यातच होतं; पुढे मध्ये राज्याची सीमा आली, पण सोयरिकी टिकल्या. मामा म्हणाले, "आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? खेड्यातलं नेट असंच. पैसे घालवू नको." भाचा हट्टाला पेटला. दोघंही अंदाजानंच भांडत होते.

आबा सुपारी कातरत ऐकत होते. म्हणाले, "विहिरीवर मोटार बसवली त्याआधी मी दोराला दगड बांधून आत सोडला होता. सकाळी पाणी किती, संध्याकाळी किती, आठ दिवस वहीत लिहिलं. मग मोटार केवढी घ्यायची ते ठरलं. तुम्ही काय मोजलं?"

कोणी काही बोललं नाही. नात मात्र उठली. तिने लॅपटॉप लॅन केबलने थेट राऊटरला जोडला आणि पहाटे, दुपारी, रात्री वेग मोजला. मग तसाच मागच्या खोलीत वायफायवर. आठ दिवस वहीत आकडे उतरवले. प्लॅन २० एमबीपीएसचा. पहाटे केबलवर १८, मागच्या खोलीत जेमतेम १. रात्री केबलवरच ४.

वहीनं मामांनाही खोटं पाडलं आणि भाच्यालाही. पहाटे आडात पाणी होतं, पोहऱ्यापर्यंत येताना ते भिंत पीत होती. रात्री मात्र बाहेरून येणारंच आटत होतं, आणि त्यावर आठ काय, ऐंशी अँटेनाही चालल्या नसत्या. राऊटर आलेलं वाटून देतो, वाढवत नाही. बाजारात ही गोष्ट विसरली जाते, म्हणून ही वही मला मोलाची वाटते.

शेवटी साधा, दोन बँडांचा राऊटर आला, निम्म्याहून कमी किमतीत. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतीतून त्यातल्या त्यात बऱ्या जातात. ५ गिगाहर्ट्झवर वेग जास्त मिळतो, पण त्या लहरी जाड भिंतीपुढे लवकर हार मानतात. म्हणून नातवाने ओसरीपासून माजघरापर्यंत केबल ओढली, उंदीर कुरतडू नयेत म्हणून पाइपात घातली, आणि राऊटर कोठीपासून दूर, माजघरातल्या उंच फळीवर ठेवला. तिथून मागच्या खोलीच्या दारापर्यंत एकही भिंत आडवी येत नव्हती.

रात्रीच्या आकड्यांची नक्कल घेऊन तो कनेक्शनवाल्याकडे गेला. "नेट स्लो आहे" एवढंच सांगायचा तेव्हा कोणी लक्ष देत नसे. या वेळी तारखा, वेळा पाहून तक्रार लिहून घेतली गेली. रात्रीचा वेग अजून तसाच आहे.

नात आता पहाटे पाचला उठते. आबा विहिरीकडे निघतात तेव्हा तिच्या लॅपटॉपवर दिवसभराचे धडे उतरत असतात.

"भरलं का गं?" आबा दारातून विचारतात.

"भरतंय, आबा."