ज्याला आपण निवडतो, तो आपला स्वामी कसा?



पाश्चात्त्य देशांत स्वतःला 'पेगन' म्हणवून घेणारे लोक आहेत. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ खेडूत, गावंढा. ख्रिस्ती धर्म पसरू लागल्यावर जुन्या देवतांना धरून राहिलेल्यांना हिणवण्यासाठी तो शब्द वापरला गेला. आज तोच शब्द काही जण अभिमानाने मिरवतात. ब्रिटनमध्ये चेटूकविषयक जुना कायदा १९५१ साली रद्द झाला आणि १९५४ साली जेराल्ड गार्डनर यांचे पुस्तक निघाले, तेव्हापासून ही चळवळ उघडपणे वाढू लागली. आइसलँडमध्ये जुन्या नॉर्स देवतांच्या उपासकांची संघटना १९७२ साली स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिला सरकारी मान्यता मिळाली. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समधील सुमारे ७४ हजार लोकांनी आपला धर्म 'पेगन' असा लिहिला.

अशाच एका समुदायाने आपली संरक्षक देवता ठरवण्यासाठी निधिसंकलनाचा खेळ मांडला, असे वाचनात आले. देवता अनेक आणि समुदाय एक. जिच्या बाजूने देणग्यांचे पारडे जड होईल ती समुदायाची संरक्षक. थट्टामस्करी झाली, पैसेही जमले आणि देवताही ठरली.

वाचताना मला प्रथम हसू आले, हे कबूल करतो. नंतर वाटले की, हसण्याचा हक्क मला आहे का, हे आधी तपासावे. त्या लोकांविषयी न्यायाने बोलायचे तर त्यांच्यातील कित्येक जण म्हणतील की देवता आम्ही निवडली नाही, देवतेनेच आम्हाला निवडले, देणगी हे केवळ निमित्त. काही जण म्हणतील की या देवता म्हणजे मानवी गुणांची प्रतीके आहेत, मग खेळ केला तर बिघडले काय? त्यांची बाजू त्यांनी मांडावी. आपल्याला विचारायचा आहे तो प्रश्न निराळा आहे: ज्याला मी निवडतो, तो माझा संरक्षक होतो की मी त्याचा?

हा खेळ नवा नाही. ग्रीकांच्या पुराणकथेत अथेन्स नगराच्या पालकत्वासाठी दोन दावेदार उभे राहिले. पोसायडन या समुद्रदेवाने खडकावर त्रिशूळ मारून खाऱ्या पाण्याचा झरा काढला आणि अथीना या देवीने ऑलिव्हचे झाड उगवून दाखवले. हा सामना पार्थेनॉन मंदिराच्या पश्चिमेकडील दर्शनी भागावर कोरलेला होता. याच कथेचे एक रूप वॅरो या रोमन विद्वानाने सांगितले आणि ऑगस्टीन या ख्रिस्ती धर्मपंडिताने पाचव्या शतकात आपल्या ग्रंथात नोंदवले. त्यात म्हटले आहे की निर्णय मतदानाने झाला. सर्व पुरुषांनी समुद्रदेवाला मत दिले आणि सर्व स्त्रियांनी अथीनेला. स्त्रियांचे एक मत जास्त भरले आणि देवी जिंकली. हरलेल्या देवाने संतापून जमीन पाण्याखाली घातली. मग त्याचा राग शमवण्यासाठी नगराने काय केले? स्त्रियांचा मताचा अधिकार काढून घेतला, मुलांना आईचे नाव लावण्यास मनाई केली आणि स्त्रियांना अथेन्सच्या नागरिक म्हणवून घेण्याचा हक्कही ठेवला नाही. ज्यांच्या एका मताने देवी पालक झाली, त्यांच्यावर शिक्षा कोसळली तेव्हा देवी गप्प राहिली. ऑगस्टीननेही नेमके याकडेच बोट दाखवले आहे.

अरबी भाषेत संरक्षकाला, पाठीराख्याला 'वली' म्हणतात. सूरह अनकबूतमध्ये (२९:४१) अल्लाहला सोडून इतरांना वली करणाऱ्यांसाठी कोळ्याच्या घराचा दृष्टांत आला आहे. मदरशात हा दृष्टांत शिकताना माझे लक्ष घराच्या कमकुवतपणावरच होते. फार उशिरा एक गोष्ट ध्यानात आली: कोळी आपले घर स्वतःच्याच शरीरातून काढतो. ज्या आधाराला तो लटकतो, तो त्याच्यातूनच आलेला असतो. माणसाने स्वतः ठरवलेल्या, स्वतः नेमलेल्या पाठीराख्याची अवस्था याहून वेगळी कशी असेल?

आता सूरह आराफमधील (७:१७२) तो प्रसंग आठवा. अल्लाहने आदमच्या सर्व संततीला साक्षीला उभे केले आणि आपण त्यांचे रब आहोत की नाही, हे त्यांनाच विचारले. प्रश्नाची रचना पाहा. तुम्हाला कोण हवा, असे त्यांना विचारलेले नाही. कोणासमोर नावांची यादी ठेवलेली नाही. रब आधीपासून आहे, आणि आत्म्यांनी त्याची केवळ साक्ष दिली. जन्मदात्या आईला कोणी निवडत नाही, तिला ओळखतो. ही उपमा अपुरी आहे, कारण अल्लाहला कशाचीच उपमा नाही, परंतु मर्म ध्यानात यावे.

याचा अर्थ माणसाला निवडीचे स्वातंत्र्यच नाही, असा कोणी करू नये. धर्माच्या बाबतीत बळजबरी नाही, हे सूरह बकराने (२:२५६) स्पष्ट केले आहे. मानावे की नाकारावे, एवढी निवड माणसाची आहे आणि तिचा हिशेब त्यालाच द्यायचा आहे. परंतु सूर्य उगवला आहे हे मान्य करणे वेगळे आणि सूर्य कोण असावा यासाठी वर्गणी गोळा करणे वेगळे.

मराठीचा विद्यार्थी असताना 'इष्ट' या शब्दापाशी मी एकदा बराच वेळ थांबलो होतो. इष्ट म्हणजे इच्छिलेले, हवेसे वाटणारे. आपले हिंदू बांधव इष्टदैवत हा शब्द ज्या श्रद्धेने वापरतात तिचे विवेचन करण्याचा अधिकार त्यांचा. मला त्या शब्दाने आठवण झाली ती सूरह फुरकानमधील (२५:४३) इशाऱ्याची, ज्यात आपल्या इच्छेलाच ईश्वर करून बसलेल्या माणसाचा उल्लेख आहे. त्या माणसाच्या घरात मूर्ती असेलच असे नाही. तो पाच वेळा नमाजही पढत असेल. फक्त जे त्याला हवे असते, तेच त्याला अल्लाहचे म्हणणे वाटते.

अरबस्तानात मूर्ती आल्या त्याही अशाच गरजेच्या वाटेने. सीरतच्या ग्रंथांत आले आहे की अम्र बिन लुहय शाम देशात गेला, तिथल्या लोकांना मूर्तींची पूजा करताना पाहिले आणि यांचा उपयोग काय, असे विचारले. पाऊस मागितला की पाऊस मिळतो, मदत मागितली की मदत मिळते, असे उत्तर मिळाले. त्याने एक मूर्ती मागून घेतली. तीच हुबल, जी पुढे मक्केत स्थापन झाली. अबू रजा अल-उतारिदी यांनी आपल्या अज्ञानकाळाची जी आठवण सांगितली ती सहीह बुखारीत आहे. ते दगडाची पूजा करीत. अधिक चांगला दगड दिसला की पहिला फेकून दुसरा घेत. दगड मिळाला नाही तर मातीचा ढीग करून त्यावर बकरीचे दूध पिळत आणि त्याभोवती फेऱ्या घालत. ही आठवण सांगणारा माणूस दुसऱ्यांची टिंगल करीत नव्हता. तो स्वतःविषयी बोलत होता. आपल्या वक्त्यांनी हे विसरू नये. इतर लोक ज्यांना पुकारतात त्यांना अपशब्द बोलण्यास सूरह अनआमने (६:१०८) मनाई केली आहे. अशा कथांवर व्यासपीठावरून हशा मिळवणे सोपे आहे, आणि ते मीही केले आहे.

म्हणून आता आपल्या घरात येऊ. नोकरीसाठी अमुक दर्गा, अपत्यासाठी तमुक, कोर्टातील खटल्यासाठी तिसरा, अशी यादी आपल्याकडे तोंडपाठ असलेली माणसे कमी नाहीत. अल्लाहच्या नेक बंद्यांविषयी प्रेम आणि आदर माझ्याही मनात आहे. पण ती यादी ऐकताना मला अबू रजांचा दगड आठवतो: इथे काम झाले नाही, आता तिकडे जाऊन पाहू. सुशिक्षितांची पद्धत थोडी निराळी. बहिणीला वारशाचा हिस्सा द्यावाच लागेल असे एका आलिमने सांगितले की ते दुसऱ्याकडे जातात, दुसऱ्यानेही तेच सांगितले की तिसऱ्याकडे. शेवटी हवे ते बोलणारा कोणी तरी सापडतो आणि मग 'आम्ही विचारूनच केले' असे बहिणीला कळवले जाते. भगिनींनो, तुमच्यापैकी कितीजणींना तो निरोप आला आहे, हे मी जाणतो. देणगी न घेता, पेटी न फिरवता, आपण आपल्या सोयीचा पालक निवडलेला असतो.

आणि पैशाची गोष्ट? सूरह अनआममध्येच (६:१३६) मक्केच्या मूर्तिपूजकांची एक चाल वर्णिलेली आहे. शेतीच्या उत्पन्नातून आणि जनावरांतून ते एक वाटा अल्लाहसाठी काढीत आणि एक आपल्या देवतांसाठी. भाष्यकार सांगतात की देवतांच्या वाट्यातले अल्लाहच्या वाट्यात मिसळले तर ते परत काढून घेत, उलट अल्लाहच्या वाट्यातले देवतांकडे गेले तर तसेच राहू देत आणि म्हणत, अल्लाह तर निरपेक्ष आहे, त्याला कशाची गरज? वाक्य अगदी बरोबर होते, पण वापर कशासाठी झाला ते पाहा. लग्नाच्या मंडपाचा खर्च वाढला की जकातीचा हिशेब पुढच्या वर्षावर ढकलताना आपण जे मनाशी म्हणतो, ते याहून फार दूरचे नसते.

माझी स्वतःची चूक सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या मशिदीच्या वजूखान्यावर पक्के छत घालायचे होते. रमजानच्या एका जुम्याला मी नावे आणि रकमा लाऊडस्पीकरवरून जाहीर करण्याची कल्पना काढली. वरचा मोहल्ला आणि खालचा मोहल्ला यांत चढाओढ लावून दिली. कोण पुढे, कोण मागे, हे मी क्रिकेटच्या समालोचनासारखे सांगत होतो. लोक हसत होते, खिशात हात घालत होते. एका वृद्ध हातगाडीवाल्यांचे नाव आले, पन्नास रुपये. मी म्हणालो, "खालच्या मोहल्ल्याने पन्नासने आघाडी घेतली!" मोठा हशा झाला. विनोद मला तेव्हा चांगला जमल्यासारखा वाटला.

त्यानंतर तीन जुमे ते दिसले नाहीत. आजारी असतील म्हणून घरी गेलो. त्यांनी चहा दिला, तब्येत बरी असल्याचे सांगितले. निघताना म्हणाले, "मौलाना, ते पैसे मी अल्लाहला दिले होते. तुम्ही ते मोहल्ल्याला देऊन टाकलेत."

माझ्याजवळ उत्तर नव्हते. उपकार दाखवून आणि मन दुखावून सदका वाया घालवू नका, ही सूरह बकरातील (२:२६४) ताकीद मी कित्येकदा देणाऱ्यांना समजावली होती. गोळा करणाराही मन दुखावू शकतो, हे मला सुचले नव्हते. त्या पश्चिमेच्या खेळात पैशाने देवता ठरली. माझ्या खेळात पैशाने बंदे ठरत होते, कोण मोठा आणि कोण हसण्याजोगा. तिथे निदान आपण खेळतो आहोत हे सर्वांना ठाऊक होते. मी मिंबरजवळ उभा होतो.

पैगंबर मुहम्मद (स.) यांचे वय पस्तीसच्या सुमारास असताना, म्हणजे प्रेषितत्वाच्या पाच वर्षे आधी, कुरैशांनी काबागृहाची पुनर्बांधणी केली. ते मूर्तिपूजक होते, काब्यात मूर्ती होत्या. तरीही त्यांनी ठरवले की या घराला फक्त शुद्ध कमाईचा पैसा लावायचा: व्याजाचा नाही, वेश्याव्यवसायाचा नाही, कोणावर अन्याय करून मिळवलेला नाही. तसा पैसा कमी पडला. तेव्हा त्यांनी अट सैल केली नाही, घर लहान केले. इब्राहीम (अ.) यांच्या मूळ पायाचा एक भाग त्यांना बाहेर सोडावा लागला. निधी अपुरा पडल्याचे हे कारण स्वतः पैगंबरांनी (स.) आदरणीय आयेशा (रजि.) यांना सांगितले आहे. तो भाग म्हणजेच हतीम. काब्याला लागून असलेली ती अर्धवर्तुळाकार बुटकी भिंत हजला जाऊन आलेल्या प्रत्येकाने पाहिली आहे. आजही तवाफ करणारा तिच्या बाहेरून वळसा घालतो.

पुढच्या जुम्याला मी जमातीसमोर माफी मागितली, कोणाचेही नाव न घेता. त्या वृद्ध गृहस्थांकडे पुन्हा जाऊन एकट्यात मागितली. आता दाराशी फट असलेली एक लाकडी पेटी आहे, नावे जाहीर होत नाहीत. ट्रस्टींचे म्हणणे खरे आहे की पेटीत पूर्वीच्या तुलनेत फार थोडे जमते. वजूखान्यावर अजून पत्राच आहे. पावसाळ्यात एका कोपऱ्यात तो गळतो. तिथे बादली ठेवतो, आणि ती बहुतेक वेळा तेच गृहस्थ रिकामी करतात.